डाव्या पात्याचं माप

“हे केव्हापासून आहे?” डॉक्टरनं विचारलं, आणि धाकटी म्हणाली, “दोन महिने. फार तर अडीच.” तिचा थोरला भाऊ, टेलर मास्तर, भिंतीशी लावलेल्या खुर्चीत तिचा काळा कोट मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली नाही. एकोणीस वर्षं, हे शब्द त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते, अगदी दातांना लागले होते, आणि तिथूनच माघारी गेले. तो कोटाच्या अस्तराची एक शिवण अंगठ्यानं दाबत राहिला. शिवण काही सुटली नव्हती. त्यानंच घातलेली होती, ती कशाला सुटतेय! पण हाताला काहीतरी काम हवं होतं. समोर उजेडाच्या पेटीवर धाकटीच्या पाठीचा फोटो लावला होता. बरगड्या, मणका, आणि डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या अंगाला एक बोंड. मास्तरनं ते या आधी कधी पाहिलं नव्हतं आणि तरी पाहताक्षणी ओळखलं. कापडावरून, अस्तरावरून, मापाच्या टेपखालून हे बोंड त्याच्या बोटांना इतक्या वेळा भेटलं होतं, की आता ते असं उघडं पाहताना त्याला शरमल्यासारखं झालं.

डॉक्टर तरुण होता, पण बोलायची घाई नव्हती त्याला. “घाबरू नका,” तो म्हणाला. “ही कूर्चेची गाठ आहे. कूर्चा म्हणजे मऊ हाड, कानाच्या वरच्या भागात असतं ना, हात लावून बघा, तसं. हाडालाच एक देठ फुटतो आणि त्याच्या टोकावर या मऊ हाडाची टोपी असते. गुडघ्यापाशी, दंडापाशी असल्या गाठी आम्ही नेहमी बघतो. पण पात्याच्या आतून, बरगड्यांकडे तोंड करून? फार क्वचित. मी आजवर अशी एकच पाहिलीय, ही दुसरी. हात फिरवला की आत कट्कट् वाजतं म्हणालात ना, ते हेच बरगड्यांवर घासतं. गाठ निरुपद्रवी जातीची असते. कॅन्सर नव्हे.” धाकटीनं श्वास सोडला. डॉक्टरनं मात्र तिला पुरता सोडू दिला नाही. “एकच गोष्ट आहे. माणसाची वाढ थांबली की हिची वाढ थांबते. थांबायला हवी. तुम्ही शेहेचाळीसच्या. गाठ पंचवीस वर्षं आहे तेवढीच असेल, तर देठापाशी खुडून टाकू, महिन्याभरात कामाला लागाल. पण ती मोठेपणीही वाढत आली असेल, तर तिनं जात बदलली का, हे बघावं लागतं. स्कॅनमध्ये टोपीची जाडी काठावर आहे. मग संशयाला जागा ठेवून चालत नाही. पात्याचा मोठा तुकडा काढावा लागतो आणि हात खांद्याच्या वर जाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही.” तो पेटीकडे वळला. “हा फोटो आजचा. जुना फोटो असता तर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले असते. म्हणून विचारतो. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. घरात कुणाच्या कधी लक्षात आलं होतं? आई? नवरा?” “मी एकटीच राहते,” धाकटी म्हणाली. डॉक्टरनं उगाच एकदा मास्तरकडे पाहिलं. मास्तरनं कोटाची घडी बदलली. “ठीक आहे, आठवून बघा. गुरुवारी या, तेव्हा ठरवू,” डॉक्टर म्हणाला.

बाहेर पडल्यावर धाकटीला कोट घालायला मास्तरनं मदत केली, जशी तो नेहमी करायचा: मागं उभं राहून, कॉलर धरून, दोन्ही बाह्या तिच्या हाताला बरोबर सापडतील अशा उंचीवर. मग सवयीनं दोन्ही तळवे पाठीवरून खाली. कोट झकास बसला होता. कुठं सुरकुती नाही, फुगवटा नाही, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. डाव्या बाजूला आत काय आहे ते आता फोटोत छापून आलं होतं, पण कोटाला त्याचा पत्ताच नव्हता. “तू काय तोंडात मूग धरून बसला होतास?” धाकटी म्हणाली. “निदान हूं-हूं तरी करायचंस. डॉक्टरला वाटलं असेल, हिनं मुका भाऊ आणलाय.” “मला काय कळतंय त्यातलं?” “तेही खरंच. तुला एक कापडातलं कळतं.” ती हसली, पायऱ्या उतरू लागली, आणि तिसऱ्या पायरीवर थांबली. ती वकील होती. दुपारी तिची सुनावणी होती, बगलेत फाइल होती, आणि फाइल होती डाव्या बगलेत, कारण ती डावखुरी. “दादा, वर जाणार नाही म्हणजे किती वर रे? केस तरी विंचरता येतील ना?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात कोर्टातलं काहीच नव्हतं. सातवीत असताना परीक्षेचा पेपर हरवला तेव्हा ती अशी बोलली होती. “येतील गं,” मास्तर म्हणाला, “न यायला काय झालं!” वाक्य सुरेख बाहेर पडलं. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याची जीभ या कामात तयार झाली होती.

दुकानात काजवाली बाई खिडकीशी बसून एका कोटाला काजं करत होती. तिनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मास्तरनं टेबलावर कापड पसरलं, खडू घेतला, आणि तो तसाच उभा राहिला. पाच मिनिटं गेली असतील. “काय मास्तर, कुठून कापू म्हणून कापडालाच विचारताय का?” बाई म्हणाली. त्यानं खडू ठेवून दिला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून मापांच्या वह्या खाली काढल्या. सगळ्या नाही, फक्त धाकटीची पानं होती त्या. दुकान अप्पांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. वह्या लिहायची पद्धतही त्यांचीच. छाती, कंबर, बाही, मुंढा हे आकड्यात. ते मोठ्यानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं. पण एकाचा खांदा उतरलेला असतो, एकाला पोक असतं, एकाचं पोट डावीकडे कललेलं असतं. ते कधी बोलायचं नाही. त्यासाठी ठिपके होते. पोकाला एक ठिपका, उतरत्या खांद्याला स्वल्पविराम, पोटाला बारीक गोल. गिऱ्हाइकानं वाकून वहीत पाहिलंच तर त्याला वाटावं, पेन ठिबकलं. अप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं: अंगातलं वाकडं कापडात जिरवायचं, तोंडात आणायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही ते म्हणत, आणि म्हणताना खरोखर मूठ झाकून दाखवत. मास्तर सतरा वर्षांचा असताना एकदा चुकला होता. बँकेतला एक साहेब ट्रायलला आला होता आणि मास्तर आपला हुशारी दाखवायला बोलून गेला, “साहेब, तुमचा उजवा खांदा जरा खाली आहे, म्हणून तिकडं पॅड जाड घातलंय.” साहेबानं खांदा चाचपला. आरशात पाहिलं, कोट नेला, आणि पुन्हा कधी दुकानात आला नाही. अप्पा दोन दिवस मास्तरशी बोलले नाहीत. त्याचंही काही नाही. पण चार-सहा वर्षांनी तो साहेब मास्तरला चौकात दिसला. उजवा खांदा उचलून धरून चालत होता. मान आखडलेली, चेहऱ्यावर सतत कुणीतरी फोटो काढतंय असा ताण. सिग्नल सुटला तरी मास्तर फुटपाथवरच उभा राहिला होता. एवढ्या एका वाक्यानं माणसाचं चालणं बिघडतं, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्यानं तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच.

पहिल्या वहीत धाकटीचं पान निघालं. ती तेव्हा सत्तावीसची. वकिलीची सनद हातात आली होती आणि ती घरभर नाचत होती. अप्पांनी स्वतः माप घेतलं, मास्तर लिहायला बसला. छाती, कंबर, बाही. मग अप्पांनी टेप गळ्यात टाकला आणि नुसते हात तिच्या पाठीवरून फिरवले, दोन्ही पात्यांवरून. डावीकडे हात थांबला. अगदी क्षणभर. त्यांनी मास्तरकडे पाहिलं, डावा अंगठा तर्जनीवर सरकवून एक सूत दाखवलं, इंचाचा आठवा भाग, आणि वहीकडे मान हलवली. मास्तरनं ठिपका टाकला. “काय खाणाखुणा चालल्यात बापलेकांच्या?” धाकटी म्हणाली. “सरळ उभी राहा गं माकडा,” अप्पा म्हणाले, आणि तिघंही हसले. ते हसणं मास्तरला आज जसंच्या तसं ऐकू आलं. बाप तो. स्वतःच्या मुलीच्या पाठीत काहीतरी सापडलं तर त्यानं काय करायला हवं होतं? पण अप्पांच्या हातात टेप होता. टेप हातात असला की त्यांना मुलगी, मुलगा, बायको कुणी नसायचं, गिऱ्हाईक असायचं. आणि त्यांच्यामागं मास्तरचंही तेच झालं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हे आलं होतं मुंगीच्या पावलानं, आणि दोघं जण ते येताना बघत होते, त्याला वाट करून देत होते, कापडात जागा काढून देत होते.

त्यानं एवढ्या वर्षांत तिला शिवलेल्या सातही कोटांची पानं उघडून टेबलावर शेजारी शेजारी लावली. ठिपक्याखाली रेघा. पहिल्या कोटाला एक सूत. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला दीड. मग दोन, तीन, चार, आणि गेल्या वर्षीच्या कोटाला पाच. पाच सूत म्हणजे पाव इंच दोनदा आणि वर एक सूत. ज्याला डॉक्टर जुना फोटो म्हणत होता, तो इथं होता, एक नाही, सात होते. दुसऱ्या पानानंतर गाठ वाढली होती. आणि वाढली असेल तर पात्याचा तुकडा जाणार, डावा हात जाणार. मास्तरनं चष्मा पुसला. मग त्याच्या मनात दुसरंच काही आलं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. हे आकडे मापाचे होते कुठं? नवीन गिऱ्हाइकाची पाठ मोजायची. जुन्याची कोण मोजतो! जुन्याचा खाकी कागदावर कापलेला नमुना खिळ्याला टांगलेला असतो. छाती-कंबर तेवढी नव्यानं घ्यायची, पाठ त्या कागदावरून बेतायची आणि अंदाजानं थोडी सोडायची. धाकटीची पाठ पहिल्यांदा अप्पांनी मोजली होती, दुसऱ्यांदा त्यानं. नंतर? नंतर अप्पा गेले. नंतर त्यानं कधी टेप लावला होता का त्या पात्याला? की नुसता हात फिरवून, घाबरून, दर वेळी एक सूत जास्त सोडलं होतं? तंग नको व्हायला, तिला कळायला नको, म्हणून? एकदा नमुना रुंद झाला की पुढचा कोट त्याच्यावरूनच कापायचा, म्हणजे तो आणखी रुंद. मग हे वाढत गेलं ते काय होतं? तिचं हाड की त्याची भीती? त्यानं डोळे मिटून बोटांना आठवायला लावलं. चौथ्या कोटाची ट्रायल. खिडकीतून ऊन येत होतं, ती कुठल्याशा केसबद्दल बोलत होती, त्याचा तळवा तिच्या पाठीवर होता. त्याला ऊन आठवलं, केस आठवली, कापड कसलं होतं तेही आठवलं. माप आठवलं नाही.

तो दिवस आणि दुसरा दिवस त्यानं असेच काढले. घरी बायकोनं दोनदा विचारलं, “काय होतंय?” तो म्हणाला, “काही नाही,” आणि तिसऱ्यांदा ती विचारायच्या आत झोपून गेला. रस्त्यानं जाताना त्याला पाठीच दिसू लागल्या. तशा त्या त्याला नेहमीच दिसत, पण आजवर तो त्यांच्यावरचे कोट बघत आला होता, आता त्याला कोटांच्या आतलं दिसायला लागलं. बसच्या रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईचं एक पातं वर होतं; तिला माहीत होतं का? तिच्या टेलरला माहीत असणार. सगळ्या शहरात कुणा ना कुणाच्या वहीत कुणा ना कुणाचा ठिपका होता, आणि सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. वही घेऊन डॉक्टरकडे जावं, तर तो रेघा वाचणार आणि म्हणणार, वाढलीय. त्या रेघा खोट्या असल्या तर? मास्तरच्या भीतीपायी धाकटीचा चांगला हात जाणार. वही दाखवू नये, तर डॉक्टर देठ खुडून मोकळा होणार. आणि रेघा खऱ्या असल्या तर? एकदा तर असंही मनात येऊन गेलं, की वहीच शेगडीत घालावी. जे कुणी विचारलेलं नाही, ते न सांगण्यात खोटं काय आहे? पण विचारलं होतं. डॉक्टरनं सरळ विचारलं होतं, आणि विचारल्यावर एकदा त्याच्याकडे पाहिलंही होतं. मास्तरला स्वतःची किळस आली. बहिणीला सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागणार, की तुला आरशात एकोणीस वर्षं जी सरळ पाठ दिसली ती माझी होती, तुझी नव्हती. चौकातला तो साहेब खांदा उचलून पुन्हा पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढून जात राहिला.

बुधवारी दुपारी काजवाली बाईनं एक जुना कोट आणून टेबलावर टाकला. गिऱ्हाइकानं दुरुस्तीला दिलेला. “यात आता माणूस मावायचा नाही,” ती म्हणाली. “कोट आहे तेवढाच आहे हो, माणूस सुटलाय.” मास्तरनं कात्री खाली ठेवली. “काय म्हणालात?” “माणूस सुटलाय म्हटलं. का? तुमच्या ओळखीचे आहेत की काय?” मास्तर फोनकडे गेला. “तुझा पहिला कोट आहे का गं?” त्यानं धाकटीला विचारलं. “आहे की. कपाटात आहे. टाकवत नाही, अप्पांच्या हातचा आहे तो. का?” “संध्याकाळी येतो,” तो म्हणाला, आणि टेप खिशात घालून निघाला.

धाकटीची जागा दोन खोल्यांची, पुस्तकांनी आणि फाइलींनी भरलेली. वरच्या फळ्या रिकाम्या होत चालल्या होत्या, हे मास्तरनं आजवर बघितलं नव्हतं. आता त्याला दिसलं, की रोजच्या सगळ्या फाइली कमरेच्या उंचीवर आणून ठेवल्या आहेत. तिनं कोट काढून ठेवला होता. मास्तरनं तो उलटा केला, अस्तराची कड उचलली आणि पाठीच्या शिवणीत आत दाबून ठेवलेलं जादा कापड पाहिलं. अप्पांचा धावदोरा जागच्या जागी होता. कोट कधी उसवला नव्हता, सैल केला नव्हता. पाठ एकोणीस वर्षांपूर्वीची होती, एका सुताची. “घाल,” तो म्हणाला. “हा? दादा, तुला बरं आहे ना?” “घाल तर खरी.” तो मागं उभा राहिला. बाह्या गेल्या. ती तेव्हाही काडी होती, आताही काडीच. छाती बसली, कंबर बसली, उजवी बाजू सपाट पडली. डावीकडे, काखेपासून मणक्याकडे, कापड ताणून तीन आडव्या सुरकुत्या पडल्या आणि पात्यावर अशी एक उंच जागा उभी राहिली की दाराशी उभ्या माणसालाही दिसावी. त्यानं ताण सोडायला कापड खाली ओढलं. ते पुन्हा वर गेलं. “कसा आहे?” धाकटीनं विचारलं. “बसलाय,” मास्तर म्हणाला.

म्हणून गेला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. खोलीत फक्त तो आणि ती, कुणी गिऱ्हाईक नाही, आणि तोंडानं आपलं काम चोख बजावलं. धाकटी वळली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. हात पुन्हा कापड ओढायला निघाला होता. “दादा, तू माप घ्यायला आलायस का खोटं बोलायला?” ती म्हणाली. “इतकी वर्षं साक्षीदार बघतेय मी. पुन्हा बोल.” “नाही बसत,” मास्तर म्हणाला. “डावीकडे नाही बसत. वाढलंय ते. आणि दोन महिने नाही, मला एकोणीस वर्षं ठाऊक आहे. अप्पांनाही ठाऊक होतं.” मग तो थांबेना. ठिपके, सुतं, खाकी नमुना, उजवीकडचा भराव, सगळं त्यानं सांगितलं, मधेच पाणी मागितलं आणि ते न पिताच पुढं बोलला. धाकटी ऐकत होती. तिचं ऐकून झाल्यावर तिनं टेबलावरची कात्री घेतली, खुर्चीच्या पाठीवरचा रोजचा कोट ओढला आणि उजव्या बाजूचं अस्तर सरळ फाडलं. आतून कापूस आणि कॅनव्हासची गादी निघाली, तळहाताएवढी, कडेला बारीक टाक्यांनी निमुळती केलेली. सुबक काम होतं. “हे माझ्या उजव्या पाठीवर असतं?” “हो.” “रोज?” “हो.” “म्हणजे डाव्या बाजूला आहे तेवढंच तू उजव्या बाजूला केलंस.” मास्तरनं मान हलवली. तिनं ती गादी दोनदा दाबून पाहिली, आणि मग ती रडायला लागली. ती रागानं रडत होती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. “मला वाटायचं रे,” ती म्हणाली. “भिंतीला टेकून बसले की वाटायचं, काहीतरी टोचतंय. दोन-तीनदा डॉक्टरकडे जायला निघालेही. मग मनात यायचं, दादा दर दोन-तीन वर्षांनी पाठीवरून हात फिरवतो. त्याच्या हातून एक सूत सुटत नाही. काही असतं तर तो बोलला असता. तू काही बोलला नाहीस, म्हणून मी गेले नाही.”

मास्तर खाली बसला. बँकेतल्या साहेबाचं चालणं बिघडलं ते त्याच्या एका वाक्यानं; पण ज्यांना तो काहीच बोलला नव्हता ते काय ऐकून गेले होते, याचा हिशेब त्यानं आयुष्यात केला नव्हता. त्याला म्हणायचं होतं, चुकलं माझं. ते त्यानं म्हटलं. ते फार लहान वाटलं, म्हणून पुन्हा म्हटलं. धाकटीनं नाक पुसलं. “आता टेप लाव,” ती म्हणाली, “आणि मोठ्यानं बोल. मी लिहिते.” त्यानं कोटावरून पहिल्यांदा आणि कोट काढून शर्टावरून दुसऱ्यांदा मोजलं. साडेतीन सूत. वहीतल्या पाचातलं दीड सूत त्याच्या भीतीचं निघालं, आणि बाकीचं हाडाचं, नाहीतर हाडावर जे काही चढलं असेल त्याचं. एकावरून साडेतीनवर. डॉक्टर यातून काय काढेल ते दोघांनाही कळत नव्हतं. धाकटीनं आकडा लिहिला, तारीख घातली, आणि वकिलाच्या सवयीनं खाली त्याची सही घेतली. “उद्या मी हाच घालून येणार,” ती म्हणाली. “अप्पांचा?” “हाच. डॉक्टरला डोळ्यांनी दिसू दे.” “रस्त्यानं जायचंय गं. लोक...” “लोकांनाही दिसू दे.”

गुरुवारी सकाळी ती पुढं आणि मास्तर मागं असे ते हॉस्पिटलच्या रस्त्यानं निघाले. वह्यांची पिशवी त्याच्या हातात होती. ऊन होतं, रस्त्यावर कामाला जाणाऱ्यांची गर्दी होती. बेचाळीस वर्षांच्या धंद्यात असं वाकडं बसलेलं कापड त्यानं दुकानाबाहेर पडू दिलं नव्हतं, आणि आता ते त्याच्या डोळ्यांपुढं चारचौघांत चाललं होतं, डावीकडे उंच, तीन सुरकुत्यांसकट. एका माणसानं वळून पाहिलं. मास्तरला वाटलं, मधे जावं, आडवं उभं राहावं, निदान ओढून तरी सारखं करावं. चौकात सिग्नल लागला आणि ती थांबली, तेव्हा त्याचा हात आपोआप वर गेला. ती वळली नाही, पण तिला कळलं. “दादा, ओढू नकोस हं,” ती म्हणाली. “नाही ओढत,” तो म्हणाला. हात मात्र त्यानं खाली घेतला नाही. त्यानं तो तिच्या डाव्या पात्यावर ठेवला, पुरा तळवा, कापडासाठी नाही. आत ते होतं, कठीण, ऊबदार, तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारं. एवढ्या वर्षांत त्यानं त्याला शंभर वेळा हात लावला असेल आणि एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

“दुखतं का गं?” त्यानं विचारलं.

सिग्नल सुटला. दोन्ही बाजूंनी माणसं त्यांना वळसा घालून पुढं जाऊ लागली. धाकटी जागची हलली नाही.

“दुखतं,” ती म्हणाली. “रोज दुखतं, दादा. आठ वर्षं झाली.”